वसई: तटाच्या आतलं शहर आणि बाहेरचंही

मुंबईकराला वसई माहीत असते ती विरार लोकलच्या वाटेवरचं स्टेशन म्हणून. पुण्या-नाशिककडच्या माणसाला ती ठाऊक असते शाळेतल्या इतिहासामुळे: चिमाजी अप्पांची मोहीम, १७३९ साल, आणि पुढे १८०२ चा तो दुर्दैवी तह. या दोन ओळखींच्या मधे जे उरतं ते म्हणजे तटबंदीने वेढलेलं, शंभर एकरांहून मोठं, ओस पडलेलं एक शहर. चर्चगेटहून लोकलने साधारण सव्वा तासावर. मुंबईच्या इतक्या जवळ, इतकं जुनं आणि इतकं मोकळं ठिकाण माझ्या मते दुसरं नाही. तरीही तिथे जाणारे बरेचसे लोक तासाभरात चार फोटो काढून, काहीसे हिरमुसून परत येतात. त्यात वसईचा दोष नाही, डोक्यात धरून आलेल्या कल्पनेचा आहे.

आपल्याला किल्ला म्हटला की राजगड-रायगड आठवतो. चढण, दमछाक, माथ्यावरचा वारा, खाली दिसणारा मुलूख. वसईत यातलं काहीच नाही. जमीन सपाट, आतून चक्क डांबरी रस्ता जातो, रस्त्यावरून रिक्षा आणि बस धावतात. गड चढून आल्याचं समाधान शोधणाऱ्याच्या हाती इथे काही लागत नाही. वसई पाहायची ती शहर म्हणून. हा रस्ता कुठून कुठे जात असेल, बाजार कुठे भरत असेल, श्रीमंत कुठे राहत असतील, बोटीतून उतरलेला माणूस आधी काय पाहत असेल, असे प्रश्न मनात ठेवून फिरलात तर अर्धा दिवस पुरत नाही.

जाण्याआधी इतिहास थोडा गाठीला असू द्या, कारण आत माहिती देणारे फलक फार नाहीत आणि एका पडक्या चर्चवरून दुसरं ओळखणं नवख्याला जमत नाही. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्यावर एका बाजूने हुमायूनचा आणि दुसऱ्या बाजूने समुद्रावरच्या पोर्तुगीजांचा दाब आला, तेव्हा त्याने डिसेंबर १५३४ मध्ये तह करून वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला. त्या मुलखात मुंबईची बेटंही होती. १५३६ मध्ये इथे किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं आणि पुढची दोनशे वर्षं वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या प्रांताची राजधानी राहिली. दमणपासून खाली चौलपर्यंतची ठाणी या प्रांतात मोडत. आज वसईला आपण मुंबईचं उपनगर समजतो. त्या काळी मुंबई हे वसईच्या कारभाराखालचं एक किरकोळ बेट होतं. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजाने ते इंग्रजांच्या राजाला देऊन टाकलं, तेव्हा वसईतल्या पोर्तुगीज सरदारांनी कुरकुर केली खरी, पण नेमकं काय हातचं जातंय हे तेव्हा फारसं कुणालाच कळलं नसावं.

आता जायचं कसं ते. गाडी घरी ठेवा, हा पहिला सल्ला. अहमदाबाद महामार्गावर घोडबंदरजवळच्या खाडीपुलाच्या दोन्ही बाजूंना जी कोंडी होते ती सुट्टीच्या दिवशी सगळा उत्साह खाऊन टाकते. लोकल हे खरं वाहन. विरार लोकलच्या नावाने बाहेरगावच्या माणसाला धडकी भरते, पण ती गर्दी एका दिशेची असते. सकाळी माणसं विरारकडून मुंबईकडे येतात, संध्याकाळी उलट. तुम्ही सकाळी मुंबईहून वसईकडे निघालात आणि संध्याकाळी परतलात, तर दोन्ही वेळा बसायला जागा मिळण्याची शक्यता चांगली. म्हणूनच जमलं तर आठवड्याच्या मधला वार निवडा. रविवारी एक तर ब्लॉकमुळे गाड्या कमी-जास्त होतात, आणि किल्ल्यातही लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांची, त्यांच्या छत्र्या-दिव्यांची आणि कपडे बदलायच्या तंबूंची इतकी दाटी असते की एखाद्या कमानीपुढे उभं राहायला नंबर लावावा लागतो.

उतरायचं वसई रोडला, विरारच्या दोन स्टेशनं अलीकडे. भाईंदर सुटल्यावर डावीकडची खिडकी धरून ठेवा. गाडी खाडीवरून जाते. मधे पाणजू बेट लागतं, आणि हवा स्वच्छ असेल तर खाडीच्या मुखाकडची हिरवी रेघ दिसते. किल्ला त्याच बाजूला, खाडी समुद्राला मिळते तिथे आहे. पुण्याहून येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी. कल्याण-डोंबिवलीकरांना दिवा-वसई मार्गाच्या गाड्या आहेत, पण त्या मोजक्याच, तेव्हा वेळ आधी पाहून निघा. स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडलं की किल्ला अजून सहा-सात किलोमीटर आत आहे. पारनाका, वसई गाव, झेंडाबाजार असा रस्ता. शहर बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात. मी बस सुचवेन, कारण स्टेशनजवळच्या उंच इमारती हळूहळू मागे पडून कौलारू घरं, अंगणातले क्रूस आणि केळीच्या बागा सुरू होतात, तो बदल खिडकीतून निवांत पाहता येतो.

आणखी एक वाट आहे, आणि वेळ जुळली तर तीच सगळ्यांत उत्तम. २०२४ पासून भाईंदर ते वसई अशी रो-रो बोट सुरू झाली आहे. वाहनंही नेते आणि पायी प्रवासीही. भाईंदर पश्चिमेला जेट्टीवर बसायचं आणि किल्ल्याशेजारी उतरायचं. भरती-ओहोटीनुसार वेळा बदलतात, तेव्हा त्या दिवसाचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नका. पण बोटीने गेलात तर हे शहर ज्यांच्यासाठी बांधलं ते लोक ज्या बाजूने येत, त्याच बाजूने तुम्ही पोचता. पाण्यावरून तट आधी झाडीसारखा दिसतो, मग एकेक कंगोरा सुटा होतो.

ऋतूचं सांगायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात भिंती हिरव्यागार होतात आणि फोटो सुंदर येतात, पण गवत कमरेएवढं वाढतं. आत जुन्या विहिरी आहेत, ढासळलेले चौथरे आहेत, साप आहेत. पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर फिरणं नको वाटतं. सकाळी आठाच्या आत तिथे पोचलात तर ऊन कललेलं असतं, कोरीव काम उठून दिसतं आणि माणसंही कमी असतात. पाणी भरपूर बरोबर घ्या. आत हॉटेल नाही, स्वच्छतागृहाची सोय स्टेशनवर किंवा वसई गावात उरकून घेतलेली बरी. पायात बूट हवेत, चप्पल नको. एकट्याने, विशेषतः एकट्या बाईने, आडोशाच्या भागांत शिरू नये. काही कोपरे अगदी निर्मनुष्य असतात आणि काही ठिकाणी दारूच्या बाटल्यांवरून तिथे रात्री काय चालतं ते कळतं. अंधार पडायच्या आत बाहेर पडा.

फिरायला सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण रस्त्यात पहिला जो अवशेष दिसतो तिथे उतरतात. तसं करू नका. बस किंवा रिक्षा सरळ शेवटापर्यंत, किल्लाबंदरपर्यंत न्या आणि तिथून उलट चालत या. किल्लाबंदर ही तटाला लागून असलेली कोळ्यांची जिवंत वस्ती आहे. होड्या, जाळी, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. वास येणार, नाक दाबू नका, लोकांचं घर आहे ते. इथेच दर्या दरवाजा आहे. व्यापारी, पाद्री, शिपाई, गुलाम, सगळे याच बाजूने शहरात शिरले. दरवाज्याची जाड लाकडी, लोखंडाने मढवलेली दारं पाहा आणि मग त्यातून आत चला.

आत आल्यावर जवळच जो उंच मनोरा दिसतो तो सेंट जोसेफच्या चर्चचा. हे शहरातलं मुख्य चर्च. सोळाव्या शतकाच्या मध्यात बांधलेलं, पुढे वाढवून नव्याने उभं केलेलं. दारावरच्या शिलालेखात १६०१ हे साल आणि गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांचं नाव आहे. छप्पर कधीच गेलंय, पण समोरची भिंत आणि मनोरा शाबूत आहे. मनोऱ्यात वर जायला अरुंद गोल जिना आहे. रखवालदाराने अडवलं तर हुज्जत घालू नका, पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि वर कठडा नाही. जाऊ दिलं तर एका वेळी दोघांहून जास्त नको. वरून या शहराचा आराखडा एका नजरेत येतो: एका बाजूला खाडी, पलीकडे समुद्र, मधे ताडांची रानं आणि त्यातून डोकं वर काढणारे एकेका पंथाच्या मठाचे मनोरे.

त्या काळचं शहर या मठांमध्ये वाटलेलं होतं. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, प्रत्येकाचं वेगळं चर्च, वेगळा मठ आणि एकमेकांवर कुरघोडी. नवखा माणूस इथेच गोंधळतो, म्हणून ओळखायच्या खुणा सांगतो. जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत सर्वांत नटवी आहे: कोरिंथियन घडणीचे खांब, कमान आणि वर त्या पंथाची मुद्रा. फ्रान्सिस्कनांचं, म्हणजे सेंट अँथनीचं चर्च त्याच्या जमिनीमुळे ओळखता येतं. तिथे पायाखाली थडग्यांचे दगड आहेत, पोर्तुगीज अक्षरांत नावं, घराण्यांची चिन्हं, सोळाव्या-सतराव्या शतकांतली सालं. भाषा कळली नाही तरी आकडे वाचता येतात. त्यांच्यावरून चालत जाऊ नका, कडेने जा. डॉमिनिकनांचं चर्च बालेकिल्ल्याच्या जवळ आहे. त्याची रया गेली आहे, पण वेदीच्या जागेवरची कमान थांबून पाहण्यासारखी आहे.

घाईत असाल तर बाकी काही सोडा, फ्रान्सिस्कनांचं चर्च सोडू नका. त्याच्या बाजूच्या छोट्या प्रार्थनाकक्षांच्या कमानी एकामागे एक दिसतात, आणि छपराच्या चुन्यातलं नक्षीकाम अजून थोडंथोडं टिकून आहे. वसईचं वैभव नेमकं कसलं होतं हे पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतं. आणि कमान कसली आहे तेही पाहा. या भागातला काळा दगड घडवायला उत्तम, इतका की जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागावरची कोरीव कामं वसईकडून नेलेल्या दगडात आहेत. गोव्याला जाऊन आलेल्यांना तो काळा दगड इथे पुन्हा भेटतो.

जेझुइटांच्या चर्चशी एका वसईकराचं नाव जोडलेलं आहे. गोन्सालो गार्सिया, जन्म १५५७ च्या सुमाराचा, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइटांकडे शिकला, जपानमध्ये गेला, व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन झाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत जपानी राज्यकर्त्यांनी ज्या सव्वीस जणांना क्रुसावर मारलं त्यांत तो होता. १८६२ मध्ये पोपनी त्याला संतपद दिलं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत वसईचा आहे, हे मुंबईतल्या कित्येकांना ठाऊक नसतं. वसईतल्या कुणालाही विचारा, लगेच सांगेल.

शहराच्या मधोमध बालेकिल्ला आहे. हा सर्वांत जुना भाग, बाकीचा तट नंतर त्याच्याभोवती वाढत गेला. प्रवेशद्वारावर पोर्तुगालचं राजचिन्ह कोरलेलं आहे. त्याच्या आसपासच नागेश्वर महादेवाचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ आहे, दोन्ही मराठ्यांच्या विजयानंतरची आणि दोन्हीकडे आजही पूजा चालते. चिमाजी अप्पांचं स्मारकही किल्ल्यातच आहे. पुतळ्याला नमस्कार करून पुढे जाणारे खूप असतात. मी म्हणेन, आधी तटावर चला आणि मग पुतळ्याकडे या, कारण अप्पांनी काय केलं ते तटावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

तट पाहताना बुरुजांच्या आकाराकडे लक्ष द्या. आपल्या गडांचे बुरूज बहुधा गोल असतात. इथले टोकदार आहेत, भाल्याच्या पात्यासारखे बाहेर आलेले. हे तोफांच्या काळाचं गणित. गोल बुरुजाच्या पायथ्याशी शत्रू येऊन चिकटला तर शेजारच्या बुरुजावरून तो दिसत नाही, टोकदार बुरुजाला अशी आंधळी जागा उरत नाही, कारण प्रत्येकाच्या दोन्ही अंगांवर शेजारच्याची तोफ रोखलेली असते. जमिनीच्या बाजूच्या दरवाज्यापाशी जा: बाहेरच्या दारातून शिरलं की आतलं दार समोर नाही, वळून मग सापडतं. धावत आलेला हत्ती किंवा घोडदळ इथे अडून पडावं आणि वरून मारा व्हावा, ही योजना.

आता वेढ्याकडे या. वसईच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, पूर्वेला दलदल. हल्ला करायला कोरडी जमीन फक्त उत्तरेला. म्हणजे शत्रू कुठून येणार हे आतल्यांना पक्कं माहीत होतं आणि सगळ्या तोफा तिकडेच रोखलेल्या. मोहीम १७३७ मध्ये ठाण्यापासून सुरू झाली होती. साष्टी बेट आधी गेलं, मग माहीम, तारापूर अशी उत्तरेकडची ठाणी पडली. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. १७३९ च्या फेब्रुवारीपासून वसईला मोर्चे लागले. समुद्राची बाजू मानाजी आंग्र्यांच्या आरमाराने रोखली. गोव्याहून पुरेशी मदत येणार नव्हती, मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगीजांना थोडा दारूगोळा दिला, बाकी हात राखूनच ठेवला. तरी आतले लोक हटले नाहीत. मराठ्यांनी खंदकातून, रेतीतून भुयारं खणत तटाखाली सुरुंग नेले. काही सुरुंग उलटले आणि खणणारेच गाडले गेले. अखेर सॅन सेबास्टियन बुरुजाखालचे सुरुंग उडून भगदाड पडलं, मराठे आत घुसायला धावले, भगदाडात माणसांचा खच पडला. उत्तरेकडच्या तटावर उभं राहून खाली पाहिलंत की किती थोड्या अंतरासाठी किती माणसं गेली हे लक्षात येतं.

मे १७३९ मध्ये किल्ला खाली झाला. शरणागतीच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. पोर्तुगीज सैन्याला शस्त्रं आणि चीजवस्तू घेऊन, कुटुंबांसह, मानाने निघून जायला आठवडाभराची मुभा मिळाली, आणि जे ख्रिस्ती लोक मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक. दोनशे वर्षांच्या अमलात इथे देवळं पाडली गेली होती, धर्मांतरं झाली होती. त्याचा राग मोहिमेत होताच. तरी विजयानंतर या अटी पाळल्या गेल्या, आणि म्हणून आज किल्ल्याबाहेरची वसई आहे तशी आहे. मराठ्यांच्या लष्करी इतिहासात यापेक्षा मोठं काम फार थोडं सापडेल. एवढं करून अप्पा पुढच्याच वर्षी, १७४० च्या डिसेंबरात वारले. थोरले बाजीराव त्याच वर्षीच्या एप्रिलात गेले होते. दर मे महिन्यात वसईत विजयोत्सव होतो. त्या वेळी जायचं असेल तर ऊन सोसायची तयारी ठेवा.

याच गावात, याच परिसरात, ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. पुण्याजवळच्या लढाईत होळकरांकडून मार खाऊन तो पळत इकडे आला होता. तैनाती फौज पत्करली आणि त्या सहीबरोबर पेशवाईचं स्वातंत्र्य संपलं. त्याचं ठळक स्मारक नाही. पराभवाची स्मारकं कोण बांधतं म्हणा. पण मुलांना घेऊन गेलात तर त्यांना ही दुसरी तारीखही सांगा. साठ-त्रेसष्ट वर्षांत एकाच जागी काय काय होऊ शकतं, हे शाळेच्या पुस्तकात दोन वेगवेगळ्या धड्यांत असल्यामुळे त्यांच्या लक्षात येत नाही.

चित्रपटवाल्यांनी ही जागा फार वापरली. इंग्लंडच्या ‘कोल्डप्ले’ या वाद्यवृंदाच्या २०१६ च्या एका गाजलेल्या गाण्यातही वसईचे अवशेष दिसतात. त्यामुळे बरीच तरुण मंडळी ‘ती कमान कुठली’ असं विचारत येतात. येऊ देत. फक्त भिंतींवर नावं कोरू नयेत, चुन्याच्या नक्षीला हात लावू नये आणि तटावरच्या सुट्या दगडांवर चढून उड्या मारू नयेत. जागा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, ड्रोन उडवायचा किंवा व्यावसायिक चित्रीकरण करायचं तर परवानगी लागते. स्थानिक दुर्गप्रेमी मंडळी इथे नियमित साफसफाई करतात आणि माहिती सांगत फेऱ्याही काढतात. अशी एखादी फेरी तुमच्या तारखेला असेल तर अवश्य सामील व्हा. त्यांच्याइतकी माहिती कुठल्याही लेखातून मिळायची नाही, या लेखातूनही नाही.

दुपारी किल्ल्यातून बाहेर पडा आणि लगेच स्टेशन गाठू नका. इथून पुढे जे आहे ते बहुतेक पाहुणे चुकवतात. तटाच्या आतलं शहर ओस पडलं, बाहेरचं पडलं नाही. पापडी, रमेदी, गिरीज, नंदाखाल, आगाशी या गावांमधून वाड्या आहेत: केळी, फुलं, भाजीपाला, विड्याची पानं. इथला ख्रिस्ती समाज घरात सामवेदी, वाडवळी अशा बोली बोलतो आणि चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करतो. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे आणि उस्मानाबादच्या २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. वसईचं पाणी आणि हिरवा पट्टा वाचवण्यासाठी त्यांनी लोकांना रस्त्यावर आणलं होतं. २०२४ मध्ये ते गेले. त्यांचं ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन वाचून वसईला गेलात तर या गावांकडे तुमची नजर वेगळी असेल.

पापडीचं कृपामाता चर्च, रमेदीमातेचं चर्च ही पाहण्याची ठिकाणं खरी, पण ती चालू प्रार्थनास्थळं आहेत. मिस्सा सुरू असेल तर मागे शांत उभं राहायचं, कॅमेरा बंद. वाड्यांत परवानगीशिवाय शिरू नका. रस्त्यावरून हाक मारून विचारलंत, ‘जरा बघू का आत येऊन?’ तर नाही म्हणणारा क्वचित. घेण्यासारखं म्हणाल तर सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारख्या रंगाची, आठवडे टिकणारी. आगाशीकडे ती होतात, हंगामात वसईतही मिळतात. प्रवासाला याहून चांगला खाऊ नाही. जेवायला वसई गावात किंवा स्टेशनजवळ घरगुती खानावळी आहेत. मासे खाणाऱ्यांनी ताजं काय आलंय ते विचारूनच मागवावं.

संध्याकाळ किनाऱ्यावर घालवायची असेल तर सुरुची बाग वसई गावापासून जवळ. सुरूची झाडं, लांब वाळू. पोहायला मात्र उतरू नका, ओहोटीला चिखल आणि भरतीला ओढ असते.

दिवस लवकर सुरू केला असेल आणि अंगात दम असेल तर संध्याकाळच्या आत नालासोपाऱ्याला जा, वसई रोडच्या पुढचंच स्टेशन. तिथल्या इमारतींच्या गर्दीवर जाऊ नका. हेच ते शूर्पारक, दोन हजार वर्षांपूर्वीचं मोठं बंदर. पश्चिमेला रिक्षावाल्याला ‘बौद्ध स्तूप’ म्हणा, पोचवेल. गावकरी या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणलं तेव्हा आतून दगडी पेटी निघाली, पेटीत करंडक, बुद्धमूर्ती आणि सातवाहन काळातलं नाणं. सोपाऱ्यातच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्याचा. हे तुकडे मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. स्तूपाच्या जागी आज विटांचा उंचवटा तेवढा दिसतो. पाहायला अर्धा तास पुरतो, पण पोर्तुगीजांच्या आधीही ही किनारपट्टी जगाला किती ठाऊक होती, याचा अंदाज तिथेच येतो.

जीवदानी, तुंगारेश्वर, अर्नाळा, वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं हे सगळं त्याच दिवशी उरकायचा बेत करू नका. कागदावर जवळ दिसतं, रस्त्यावर तसं नाही. वज्रेश्वरीला पुन्हा स्वतंत्र जा. वसई घेता यावी म्हणून चिमाजी अप्पांनी या देवीला केलेला नवस आणि त्यातून पायऱ्यांवर, तटासारख्या भिंतीत उभं राहिलेलं मंदिर, ही वसईच्याच गोष्टीची पुढची पानं आहेत.

वाचायचं असेल तर य. न. केळकर यांचं ‘वसईची मोहीम’ शोधा. इंग्रजी चालत असेल तर गोव्याचे जेर्सन द कुन्या यांचं १८७६ मधलं चौल-वसईवरचं पुस्तक आणि ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. कुन्यांनी थडग्यांवरची अक्षरं उतरवून घेतली होती. त्यांतली काही आता दगडावर पुसट झाली आहेत. फोनमध्ये ती पानं घेऊन फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये उभे राहिलात तर पायाखालच्या माणसांची नावं वाचता येतील.

आणि एक गोष्ट वसईत पाहायला मिळणार नाही, ती आधीच सांगून ठेवतो. या चर्चच्या मनोऱ्यांतल्या घंटा तिथे नाहीत. विजयाची खूण म्हणून मराठे त्या घेऊन गेले आणि महाराष्ट्रभरच्या देवळांना त्यांनी त्या वाहिल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळाच्या तटावर टांगलेली तर रस्त्यावरून दिसते. नाशिककरांनी लांब जायची गरज नाही, रामकुंडाकडे जाताना मान वर करा. तिच्यावर १७२१ हे साल आहे.